साडेचार मिलिमीटर

ड्रमकॅरिगच्या बसथांब्याच्या छपराखाली जेमतेम दोन माणसं मावतात. त्यातलं एक मी होते, आणि दुसऱ्याची जागा मी माझ्या पिशवीला देऊन टाकली होती.

"पिशवीला विचारता का, जरा उभी राहील का म्हणून?" बाहेरून आवाज आला. "मी भिजतोय."

मी वर पाहिलं. उंच, तांबूस केसांचा एक तरुण. कपाळावरून पाणी निथळतंय, कोट चिंब... आणि छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेला, नाताळच्या बिस्किटांचा निळा डबा. मला हसू फुटलं, कारण अगदी तस्साच डबा माझ्या मांडीवर होता. त्यात नवल नाही म्हणा. आयर्लंडच्या या लीट्रिम परगण्यात असा डबा नसलेलं घर सापडायचं नाही. बिस्किटं नाताळात संपतात, डबे जन्माला पुरतात.

मी पिशवी खाली ठेवली. तो टेकला. डबा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून त्यानं केस झटकले, त्यातलं निम्मं पाणी माझ्यावर उडालं.

"माफ करा हं... आणि तुमच्या डब्यात काय? बिस्किटं?"

"दात," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. डोळे राखाडी होते, आणि हसायच्या आधीच हसणारे.

"तुमचे?"

"गिऱ्हाइकांचे. मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. आणि तुमच्यात?"

"बाळ आहे माझं. नुकतंच झोपलंय, हळू बोला."

मी हळू बोलले नाही, मोठ्यानं हसले. तेवढ्यात माझी बस आली. मी पिशवी उचलली, डबा उचलला आणि धावले. काचेतून पाहिलं, तर तो हात हलवत होता. आणि मी — ब्रोना गेराटी, वय वर्षं सत्तावीस, ओळख ना पाळख — मीही हलवला.

घरी येऊन स्वयंपाकघरात डबा उघडला.

माझ्या डब्यात दात नव्हतेच. त्यात खेळण्यातल्या रेल्वेचं आमचं हिरवं इंजीन होतं. तळहाताएवढं, बाबांचं सगळ्यात लाडकं. काही दिवसांपासून ते चालताना कण्हायचं, म्हणून लॅबमधल्या भिंगाखाली बघायला मी ते नेलं होतं. पण आता कापसातून बाहेर आलं ते भलतंच इंजीन. राखाडी, रेखीव, एकेक खिळा जागच्या जागी. इतकं देखणं की मी क्षणभर घाबरायचंही विसरले. मग हळूच जिना चढून माळ्यावर गेले आणि बाबांच्या रुळांवर ते ठेवून पाहिलं.

ते उभंच राहीना. एका बाजूची चाकं रुळावर, दुसऱ्या बाजूची बाहेर... अधांतरी.

मी तिथंच खाली बसले. म्हणजे तो 'त्यांच्यातला' होता!

आता हे 'त्यांच्यातले' कोण ते सांगायला हवं. आमच्या आयर्लंडचे खरे रूळ इंग्लंडच्या रुळांपेक्षा रुंद. पण दुकानात मिळणारे खेळण्यातले रूळ इंग्लंडच्या मापाचे. आमच्या छोट्या प्रतिकृतींत फरक पडतो साडेचार मिलिमीटरचा, मसुरीच्या दाण्याएवढा. बहुतेक लोक तयार रूळ आणतात, त्यावर आयरिश गाड्या चालवतात आणि सुखात राहतात. काहींना मात्र तो मसुरीचा दाणा डोळ्यांत खुपतो. ते स्वतःच्या हातानं एकेक रूळ रुंद मापानं जोडत बसतात. आमच्या गावात या दाण्यावरून मॉडेल रेल्वे क्लब दुभंगला होता. चार हजार वस्तीच्या गावात दोन क्लब! अरुंदवाल्यांचे म्होरके माझे बाबा, मॅलकी गेराटी, बसचे निवृत्त ड्रायव्हर. रुंदवाल्यांच्या म्होरक्या मिस कन्सेप्टा मुल्वी, निवृत्त पोस्टमास्तर. क्लब फुटल्यापासून दोघं बोलत नव्हते. रविवारी चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवून 'शांती असो' म्हणायची वेळ आली की हे दोघं विरुद्ध दिशेला वळून कुणाचा तरी हात शोधायचे.

"ब्रोना!" खालून बाबांची हाक आली. "झालं का गं माझं हिरवं?"

"लॅबमध्येच राहिलंय, बाबा!" मी शत्रूचं इंजीन स्वेटरखाली दडवून ओरडले.

दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन वाजला.

"डेंटल लॅब? माझ्या डब्यात दात निघाले नाहीत हो. तळाशी तुमच्या लॅबचं कार्ड निघालं, आणि वर एक हिरवं इंजीन."

आवाज मी जाग्यावर ठेवला. "आणि माझ्याकडे तुमचं बाळ आहे."

"रडत तर नाही ना?"

"नाही. पण आमच्या रुळांवर उभं राहत नाही."

पलीकडे डबा बंद केल्याचा आवाज. मग हळूच, जणू एखादा आजार विचारतोय असं: "म्हणजे तुम्ही... अरुंदवाल्या?"

"जन्मापासून."

"अरे देवा. आणि मला बसथांब्यावर इतक्या आवडला होतात..."

असं एखादा माणूस दुसऱ्याच बोलण्यात म्हणतो का? मी फोन कानाशी धरून समोरच्या कवळ्यांकडे बघत राहिले. सगळ्या हसत होत्या.

नदीकाठच्या चहाच्या दुकानात भेटलो. त्याचं नाव फिंटन मुल्वी. कन्सेप्टा मुल्वी त्याची सख्खी आत्या. कॉर्कहून आत्याकडे राहायला आलेला. काम काय, तर चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करणं, सुरात लावणं. त्यानं डबा माझ्यापुढे सरकवला.

"मी न विचारता एक आगाऊपणा केलाय. तुमचं इंजीन कण्हत होतं. आतलं एक चाक दुसऱ्याला घासत होतं. आवाजावरूनच कळलं. आता नाही कण्हायचं."

"आवाजावरून?"

"पोट त्यावरच भरतो." मग स्कोनच्या गोडसर पावाला लोणी लावता लावता तो म्हणाला, "रंग मात्र... असा हिरवा आपल्या रेल्वेत कधीच नव्हता हं. या जातीची सगळी इंजिनं राखाडीच होती."

"नसेल तुमच्याकडे," मी म्हणाले. "आमच्याकडे आहे."

माझा सूर त्याच्या कानानं टिपला असावा. त्यानं विषय सोडला आणि अर्धा स्कोन माझ्या बशीत ठेवला.

त्या संध्याकाळी हिरवं इंजीन माळ्यावर फिरलं ते एखाद्या मांजरासारखं, पावलांचा आवाजही न करता. बाबा दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिले. "पोरी, सोन्याचे हात आहेत तुझे!" मी ते हात पाठीमागे लपवले. गालावर मात्र ऊन आल्यासारखं झालं.

मग रविवार दुपारी मी 'मैत्रिणीकडे' जायला लागले.

मिस मुल्वींच्या परसात एक शेड होती. आत चुलीत दलदलीतून काढलेली पीटची ढेकळं जळायची, त्यांचा गोडसर धूर कपड्यांना चिकटायचा. आणि तिथं होतं ड्रमकॅरिगचं स्टेशन! मिस मुल्वी शाळकरी मुलगी असताना बंद पडलेलं, आता नावालाही न उरलेलं. त्यांनी आठवणीतून उभं केलेलं. पहिल्यांदा मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नाक मॅलकीचं," त्या म्हणाल्या, "पण बोटं ऊनाची. तुझ्या आईची. ये आत, वारा येतोय."

"मिस मुल्वी, बाबांना..."

"मी कशाला सांगू? सांगायला बोलावं लागतं. ते मी करणार नाही."

फिंटन रूळ जोडायचा, मी माणसं करायची. दात बनवायच्या राळेतून नखाएवढी माणसं मस्त होतात. स्टेशनमास्तर, दुधाच्या कॅनवर बसलेला शेतकरी, अंड्यांची टोपली घेतलेली बाई. कधी मी रूळ चिमट्यात धरायची आणि तो सोल्डर करायचा. तेव्हा दोघांची डोकी जवळ यायची, आणि हात हलू नये म्हणून दोघांनाही श्वास रोखावा लागायचा.

"सोड आता श्वास," तो पुटपुटायचा.

"आधी तू."

"मी सोडला तर रूळ हलेल."

"आणि मी सोडला तर?"

"तर मी हलेन."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा मी दार वाजवायच्या आतच त्यानं उघडलं. कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणाला, "तुझा डावा बूट उजव्यापेक्षा अर्धा सूर खाली वाजतो." "मग काय, दुरुस्त करणार?" "मुळीच नाही. अख्ख्या गावात तेवढा एकच आवाज मला बेसूर हवाय."

अशा दुपारी बाहेर पाऊस असायचा, आणि असला तरी कुणाला त्याचं पडलं होतं!

पण एका रविवारी सगळं बिनसलं.

मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सुट्टीत, चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही क्लबांचं प्रदर्शन असतं. हॉल एकच, म्हणून नाइलाजानं एकत्र. या टोकाला अरुंदवाले, त्या टोकाला रुंदवाले, मध्ये सीमेसारखं चहाचं पिंप. त्याबद्दल बोलता बोलता फिंटन सहज म्हणाला, "खरं तर तुझ्या बाबांचा प्रश्न एका दुपारचा आहे. जुने आस कापायचे, रुंद चाकं बसवायची, झालं. गाड्या आयुष्यभर चुकीच्या मापावर चालवायच्या, हा नुसता हट्ट आहे."

मी चिमटा खाली ठेवला.

"कापायचे?"

"म्हणजे... चाकंच फक्त गं."

"ती इंजिनं आईनं रंगवलीत, फिंटन. सगळी. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणातून उठायची नाही. ट्रे मांडीवर घेऊन रंगवायची. चाकांचा एकेक आरासुद्धा. बाबा म्हणाले, हे राखाडी हवं. ती म्हणाली, राखाडी तर आभाळ रोजच असतं, मॅलकी, एक तरी हिरवं होऊ दे." मी थांबले नाही. "ती गेल्यावर महिन्याभरात क्लबची बैठक झाली. तुझ्या आत्यानं ठराव मांडला, सगळ्यांनी चाकं बदलायची. बाबा उठून निघून आले. लोकांना वाटलं माणूस मिलिमीटरवरून रुसला."

फिंटन हातातला रूळ तसाच धरून उभा. मला वाटलं, काहीतरी म्हणेल... माफ कर, थांब, काहीही. मी कोट घातला आणि निघाले. गेटपर्यंत कान मागे ठेवून चालले. हाक आली नाही.

पुढच्या रविवारीही आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोनकडे बघायची, फोन माझ्याकडे. बाबांनी विचारलं, "तुझी मैत्रीण आजारी आहे का गं?" मी म्हणाले, "मैत्रीण मठ्ठ आहे." "मग सुटलीस," बाबा म्हणाले, आणि माझ्या बशीत जास्तीचा बटाटा वाढला.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. हॉलभर माणसं, ओल्या कोटांचा वास, हॅम सँडविचेसचे ढीग. मी बाबांच्या टेबलामागे उभी राहून मुद्दाम दुसऱ्या टोकाकडे पाहत नव्हते. म्हणून मला दिसलं नाही की फिंटन चहाचं पिंप ओलांडून चालत येतोय. आजूबाजूच्या कुजबुजीनं कळलं. इतक्या वर्षांत त्या बाजूचं माणूस या बाजूला आलं नव्हतं.

तो सरळ बाबांसमोर येऊन उभा राहिला. कान लालबुंद.

"मिस्टर गेराटी, तुमचं हिरवं इंजीन घेऊन जरा आमच्याकडे येता का?"

"तुमच्या रुळांवर ते उभं राहत नाही, पोरा."

"राहतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हा कोण?"

"फिंटन."

"तुझ्या ओळखीचा?"

"हो... म्हणजे, होता."

"किती ओळखीचा?"

"बाबा, बघायला तर चला!"

बाबा इंजीन तळहातावर घेऊन निघाले. मी मागे. आमच्या मागे निम्मा हॉल. मिस मुल्वी आपल्या स्टेशनाशेजारी हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी रुळांकडे पाहिलं... आणि पाहतच राहिले.

दोन रुळांच्या आत एक तिसरा रूळ होता. टेबलाच्या टोकापासून थेट फलाटापर्यंत. हातानं घातलेला, प्रत्येक स्लीपरवर जोडलेला, अरुंद गाडीच्या नेमक्या मापाचा. ज्या माणसानं खिळे मोजून इंजीन बनवलं, त्यानं स्वतःचं अचूक स्टेशन आपल्या हातानं बिघडवलं होतं.

बाबा खाली वाकले. "हा तिसरा रूळ या स्टेशनात कधीच नव्हता."

"नव्हता," फिंटन म्हणाला.

"मग हे चूक आहे."

"साफ चूक आहे."

"मग घातलास कशाला?"

"तुमची चाकं कापली जाऊ नयेत म्हणून. आणि हे स्टेशन त्या इंजिनानं बघावं म्हणून."

बाबांनी तिसऱ्या रुळावरून बोट फिरवलं. मिस मुल्वी उठल्या. पाच फुटांची ती ताठ बाई, पण तिची हनुवटी हलत होती.

"मॅलकी, मला माहीत नव्हतं रे. ऊनाचा हात चाकांवरही फिरलाय, हे मला या पोरानं परवा सांगितलं."

"तू विचारलं होतंस का, कन्सेप्टा?"

"नाही विचारलं. तू सांगितलं होतंस?"

बाबांनी तळहातावरच्या इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

"चल तर. गाडी उशिरा आहे. कितीतरी वर्षं."

बाबांनी आईचं इंजीन रुळांवर ठेवलं. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. चाकं बसली. त्यांनी कळ फिरवली आणि ते हिरवं इंजीन निघालं... दुधाच्या कॅनपाशी बसलेल्या शेतकऱ्यापुढून, अंड्यांच्या टोपलीपुढून, हळूहळू ड्रमकॅरिगच्या फलाटाला लागलं. राखाडी गाड्यांच्या मध्ये ते असं दिसत होतं, जणू स्टेशनात कुणी पाहुणी आलीय. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

बाबांनी नाक शिंकरलं. मग एकदम वळले. "अगं, हे गप्प चालायला लागलं ते ऑक्टोबरात. तू दुरुस्त केलंस ना?"

"मी नाही, बाबा. यानं."

"म्हणजे ऑक्टोबरपासून..."

"हो, बाबा."

"आणि ती मठ्ठ मैत्रीण?"

मी फिंटनकडे बोट केलं. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उंच आहे," एवढंच म्हणाले, आणि मिस मुल्वींकडे वळून, "कन्सेप्टा, तुझा हा दिवा मात्र फलाटाच्या चुकीच्या टोकाला आहे."

"चुकीच्या? मी रोज त्याच्याखाली उभी राहायचे!"

"मग चुकीच्या जागी उभी राहायचीस!"

दोघं कडाकडा भांडायला लागले. इतक्या आनंदात भांडताना मी माणसं पाहिली नव्हती. त्या गोंधळात फिंटननं माझी बाही हळूच ओढली, आणि आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो.

हॉलच्या मागे रिकाम्या खोक्यांची रास होती. ऊन पडलं होतं आणि त्याच वेळी भुरभुर पाऊसही. पडवीच्या कडेवर टपटप चाललेली.

"महिनाभर एक फोन नाही केलास," मी म्हणाले.

"रूळ घालत होतो. बोललो असतो, तर सांगून टाकलं असतं. आणि तिथं उभं राहून 'माफ कर' म्हणायला तोंडच उघडेना, ब्रोना. फार वाईट बोललो होतो."

"हो, बोलला होतास."

"माहितीये." त्यानं खिशात हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. "आता आणखी एक सांगायचंय. ते तरी नीट सांगू दे."

"सांग."

"मला तू आवडतेस." तो थांबला. मान हलवली. "नाही... हे फार कमी पडलं. थांब. पुन्हा सांगतो."

"मी कुठं जातेय!"

"सकाळी उठलो की आधी तू आठवतेस. चर्चमध्ये ऑर्गन लावत असतो तेव्हा वाटतं, ही इथं मागच्या बाकावर बसलेली हवी. रविवारचं रविवार पुरत नाही. तू मला रोज हवीस." पुन्हा थांबला. कपाळावर आठी. "छे, हे हट्टी मुलासारखं झालं. तिसऱ्यांदा सांगतो. माननीय कुमारी गेराटी..."

"फिंटन."

"काय?"

"दुसऱ्या वेळचं चांगलं होतं."

"दुसऱ्या वेळी काय म्हणालो मी?"

"म्हणालास, रोज हवीस."

पाऊस आमच्या दोघांच्या केसांत उतरत होता. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता. मी तो बोटानं टिपला, आणि बोट मग तिथंच राहिलं.

"मग तेच," तो म्हणाला.

"मग हो," मी म्हणाले.